नोबिता माहितीये, बनेश फेणे कोण?

खराडीतून निघायचं, मुंढव्याचा पूल ओलांडायचा, हडपसर गाठायचं आणि सासवड रस्त्याला लागायचं. ट्रॅफिकनं मेहरबानी केली तर पाऊण तासात तुम्ही फुरसुंगीत पोचता. मराठीतल्या सगळ्यात धाडसी मुलाचं हे गाव. बनेश फेणे त्याचं नाव. हाडकुळा, सायकलवर स्वार, कुठं काही गडबड दिसली की नाक खुपसणारा. भा. रा. भागवतांनी त्याच्यावर वीसेक पुस्तकं लिहिली आणि आपल्या आईबाबांच्या अख्ख्या पिढीनं ती सुट्टीत पालथं पडून वाचली. फास्टर फेणे तो हाच.

आता एक करा. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या सात-आठ वर्षांच्या पोराला विचारा, ‘फुरसुंगीचा फेणे माहितीये का?’ बहुतेक वेळा समोरून कोरा चेहरा येईल. मग विचारा, ‘नोबिताला कोण बदडतं?’ उत्तर तुमचा प्रश्न संपायच्या आत येईल. टोकियोतल्या मुलाच्या घराचा जिना, त्याच्या टेबलाचा खण, त्याच्या आईचा राग, सगळं पाठ आहे. नदीपलीकडचा मुलगा मात्र ओळखीचा नाही.

यात पोरांचा काही दोष नाही. त्यांच्यासमोर जे लावलं जातं ते ती बघतात. आणि लावून कोण देतं? इथंच तुमचा संबंध येतो.

हे पान वाचणारे तुम्ही बहुतेक सतरा ते पंचविशीतले. तुम्हाला स्वतःचं मूल नाही, पण घरात कुणीतरी लहान आहेच. धाकटा भाऊ, ताईची मुलगी, वरच्या मजल्यावरचा चिमणा. स्मार्ट टीव्हीचा पासवर्ड तुम्हाला माहीत असतो, वायफाय अडलं की हाक तुम्हाला येते, आणि पोरगं जेवायला नखरे करायला लागलं की ‘अरे, त्याला काहीतरी लावून दे रे’ हे फर्मानही तुमच्याच नावानं निघतं. त्या ‘काहीतरी’बद्दल आज बोलू या.

आपण कुठल्या भाषेत मोठे झालो?

आधी स्वतःकडे बघू. भारतात कार्टून नेटवर्क आलं १९९५ मध्ये. पोगो आणि हंगामा या दोन्ही वाहिन्या २००४ च्या. डोरेमॉन आपल्याकडे हंगामावर २००५ मध्ये अवतरला, छोटा भीम २००८ मध्ये पोगोवर आला, मोटू-पतलूनं २०१२ मध्ये निकवर समोसे खायला सुरुवात केली. म्हणजे आज जे कॉलेजात आहेत त्यांचं अख्खं बालपण ढोलकपूर आणि फुरफुरीनगरात गेलंय. पोगोवरचा ‘मॅड’ बघून रॉबसारखं काहीतरी करायला गेलेल्या आणि घरभर फेव्हिकॉल सांडलेल्या मंडळींनी हात वर करा. माझा वर आहे.

हे सगळं आपण बघितलं हिंदीत. आपलं निम्मं हिंदी शाळेनं शिकवलं असेल, उरलेलं नोबितानं. त्यात वाईट काही झालं नाही. एक भाषा फुकटात मिळाली. तक्रार हिंदीबद्दल नाहीच. प्रश्न एवढाच आहे की ज्या पडद्यानं आपल्याला न शिकवता हिंदी दिली, त्याच पडद्यानं पुढच्या पोरांना मराठी का देऊ नये?

आपल्या वेळी त्याची फारशी गरज वाटली नाही, कारण मराठी आजूबाजूला होती. वाड्यात, चाळीत, गल्लीत, किराणा दुकानात. आता खराडीत येऊन बघा.

गंमत हिंदीत, मराठी पेपरात

संध्याकाळी साडेसहाला खराडीतल्या कुठल्याही टॉवरखालच्या बागेत उभं राहा. घसरगुंडीवर एक इंदूरचा, एक चेन्नईची, एक नागपूरचा, दोन कोलकात्याचे. आईबाबा ईऑनमध्ये किंवा त्याच्या आसपासच्या कुठल्यातरी काचेच्या इमारतीत. पोरांनी खेळायची भाषा म्हणून हिंदी-इंग्रजीची मिसळ करून टाकलीय आणि ती मजेत चाललीय. घरात मराठी बोलणारी पोरंही खाली उतरली की ‘ए तू आउट है’वर येतात. हे नैसर्गिक आहे. चारचौघांना कळेल तीच भाषा खेळात चालते.

मग मराठी कुठं उरते? शाळेत. महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये कायदा केला आणि सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण पोराच्या बाजूनं बघा. कार्टून हिंदीत, गेम इंग्रजीत, गाणी दोन्हींत, आणि मराठी कशात? तर वर्कशीटमध्ये. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, लिंग बदला, वचन बदला. गंमत म्हणून जी भाषा कधी भेटली नाही ती थेट परीक्षा म्हणून समोर आली तर कुणाला आवडेल? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या दिवशी घरातल्या पोराच्या टॅबवर काय चालू होतं, ते आठवून बघा.

याची किंमत कोण मोजतं माहितीये? आजी. लातूरहून, साताऱ्याहून, अमरावतीहून नातवाला सांभाळायला म्हणून चौदाव्या मजल्यावर येऊन राहिलेली आजी. तिच्याकडे गोष्टी आहेत, वेळ आहे, मांडी आहे. नातू समोर आहे. पण तिची गोष्ट त्याला अर्धी कळते आणि त्याचं उत्तर तिला अर्धं कळतं. मग तीच कंटाळून म्हणते, ‘घे बाबा तुझा मोबाईल.’ खराडीच्या जुन्या गावठाणात आणि चंदननगरात हे चित्र थोडं वेगळं आहे. तिथं अजून गल्लीची भाषा मराठी आहे. पण मोबाईल तिथंही तोच आणि त्यात लागणारं कार्टूनही तेच.

सेनापती बापट रस्त्यावर एक स्टुडिओ होता

मराठीत मुलांसाठी कुणी काही केलंच नाही, असं वाटत असेल तर घरातल्या चाळीस-पंचेचाळिशीच्या कुणालाही ‘बालचित्रवाणी’ एवढाच शब्द म्हणून दाखवा. पुढची दोन मिनिटं ते शीर्षकगीत गुणगुणतील. थांबवू नका, फार आनंदात असतात.

ही बालचित्रवाणी आपल्या पुण्यातली. इन्सॅट उपग्रहामुळे खेड्यापाड्यात टीव्ही पोचू लागला, तेव्हा शाळकरी मुलांसाठी त्यांच्या भाषेत कार्यक्रम करायला देशातल्या सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली. सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचे कॅमेरे, स्वतःचे लेखक आणि कलाकार. बाहुल्या, गोष्टी, गाणी, विज्ञानाचे प्रयोग असे हजारो कार्यक्रम तिथं तयार झाले आणि दूरदर्शनवरून शाळेच्या वर्गांत, ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर, घराघरांत पोचले. गडचिरोलीतल्या आणि सदाशिव पेठेतल्या मुलानं एकच कार्यक्रम एकाच वेळी बघितला, तोही मराठीत आणि फुकट.

पुढे केंद्राचं अनुदान थांबलं, पगाराचे प्रश्न उभे राहिले आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. तिच्या जागी ई-बालभारतीचं काम उभं राहिलं. ते उपयोगी आहे, पण त्याचा जीव मुख्यतः पाठ्यपुस्तकात आहे. धडा समजावून सांगणारा व्हिडिओ वेगळा आणि पोरानं शाळेतून आल्यावर दप्तर फेकून ‘लाव ना’ म्हणावं असा कार्यक्रम वेगळा.

बालचित्रवाणीच्या सोबतीला तेव्हा मुंबई दूरदर्शनचं ‘किलबिल’ होतं. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वर राजदत्त यांनी मालिका केली आणि जॉय घाणेकर हा मुलगा महाराष्ट्राच्या घराघरांत गोट्या झाला. आपला फेणेही १९८७ मध्ये दूरदर्शनवर आला. कोवळ्या सुमीत राघवननं तो रंगवला. पण गंमत बघा, फुरसुंगीचा हा मुलगा टीव्हीवर आला तो हिंदी बोलत. देशभर दाखवायचं तर हिंदीच हवं, हा हिशेब तेव्हाही होता. आजही तोच आहे.

चकती संपायची, ऑटोप्ले संपत नाही

मधला एक काळ व्हीसीडीचा. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि घरोघरच्या शोकेसमध्ये चकत्यांची चळत उभी राहिली. मराठी बालगीतांच्या, गोष्टींच्या, बालनाट्यांच्या व्हीसीडी वाढदिवसाला भेट म्हणून मिळायच्या. चित्रं साधीच असायची. नाचणारा ससा दर कडव्याला तोच आणि तस्साच नाचायचा. पण त्या चकतीत दोन गोष्टी होत्या, ज्या आज हरवल्यात.

पहिली म्हणजे ती कुणीतरी निवडलेली असायची. मावशी दुकानात जाऊन, चार उलटीपालटी करून, एक घेऊन यायची. दुसरी म्हणजे ती संपायची. पडदा निळा व्हायचा, प्लेअर घरघरून थांबायचा आणि आई म्हणायची, ‘झालं, आता खाली जा खेळायला.’

आता निवडतं कोण? ऑटोप्ले. आणि तो थांबत नाही. एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा हजर. तो पुढचा कुठून येतो हे आपण समजून घ्यायला हवं. आधी काय बघितलं, किती वेळ बघितलं आणि तसंच बघणाऱ्या इतरांनी पुढे काय बघितलं, यावरून तो येतो. ज्या घरात हिंदी-इंग्रजी कार्टून लागतं तिथं पुढची रांग हिंदी-इंग्रजीचीच लागते. मराठीचा व्हिडिओ चांगला असूनही आपणहून चालत येत नाही. त्याला कुणीतरी नावानं हाक मारावी लागते. एकदा, दोनदा, पाचदा हाक मारली की मग तो रांगेत दिसायला लागतो.

ऑटोप्लेवर डोळे झाकून विश्वास का ठेवू नये, याला आणखीही कारण आहे. २०१७ च्या शेवटी जगभर बोंब झाली होती की ओळखीच्या कार्टूनची चित्रं लावून आत भलतंसलतं दाखवणारे व्हिडिओ मुलांपर्यंत पोचतायत. २०१९ मध्ये मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबनं अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्यानंतर मुलांसाठीच्या व्हिडिओंचे नियम बदलले, त्यांच्याखालच्या कमेंट बंद झाल्या. सुधारणा झाली, पण घरातल्या माणसाची नजर ती नजरच.

तमिळ पोरांना २००७, आपल्याला २०२१

‘प्रादेशिक भाषेत मुलांची वाहिनी चालत नाही हो’ असं कुणी म्हणालं तर त्याला दक्षिणेकडे बघायला सांगा. सन समूहानं तमिळ मुलांसाठी ‘चुट्टी टीव्ही’ सुरू केला २००७ मध्ये. २००९ मध्ये तेलुगूत ‘खुशी’ आणि कन्नडमध्ये ‘चिंटू’, २०११ मध्ये मल्याळममध्ये ‘कोचू’. चार भाषांना चार वाहिन्या मिळाल्या. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून जास्त होते. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरा नंबर आपला. तरी आपल्या पोरांना चोवीस तासांची मराठी वाहिनी मिळायला २०२१ उजाडलं. रामोजी समूहानं ‘ईटीव्ही बाल भारत’ एकदम बारा भाषांत काढलं, त्यातली एक मराठी.

असं का झालं? उत्तर आपणच आहोत. मराठी पोराला हिंदी कळतं, तेव्हा बिस्किटाची किंवा पेन्सिलची जाहिरात हिंदी कार्टूनमध्ये टाकली तरी ती खराडीपासून कोल्हापूरपर्यंत पोचते. मग मराठीसाठी वेगळा खर्च कोण करेल? तमिळ पोराला हिंदी कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी तमिळमध्ये बोलावंच लागतं. आपलं हिंदी येणं हे आपलं कौतुक, आणि तेच आपल्या मुलांच्या मराठी कार्यक्रमांच्या वाटेतला दगड.

मराठीत पैसे मिळत नाहीत म्हणावं तर नाट्यगृहाचा अनुभव उलटा आहे. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये वैभव मांगलेला चेटकीण करून पुन्हा रंगमंचावर आलं आणि त्याच वर्षी एका दिवसात त्याचे पाच प्रयोग झाले. तिकीट काढून, रांगेत उभं राहून, पोरांना घेऊन आलेली माणसं मराठीच होती. म्हणजे बघणारे आहेत. फक्त घरातल्या पडद्यापाशी आलो की आपण मागणी करत नाही.

आणि मनावर घेतलं तर किती पटकन होतं, हे २०२० मध्ये दिसलं. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या, ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. तेव्हा पुण्याच्या एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं ‘टिलीमिली’ ही मालिका केली आणि जुलै २०२० पासून ती सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी रोज लागू लागली. तिच्यात घरातल्या घरात, परिसरातल्या वस्तूंशी खेळत शिकायचं होतं. संकटात जे जमलं ते एरवीही जमू शकतं.

आता जरा परखड बोलू. मराठी आहे म्हणून सगळं चांगलं, असं अजिबात नाही. यूट्यूबवर मराठी बालगीतांचा आणि परीकथांचा नुसता पूर आलाय. त्यातल्या पुष्कळ गोष्टींत आवाज मराठी आणि वाक्य मात्र भलत्याच मुलखातलं. ‘मी खेळण्यासाठी जाऊ इच्छितो’ असं कुठलं पोर म्हणतं? डब केलेल्या कार्टूनमध्येही हे होतं. मराठी पोरगं ‘मला जायचंय’ म्हणतं, ‘जाऊ दे ना गं’ म्हणतं, ‘नाहीच जेवणार’ म्हणून पाय आपटतं. ही भाषा लिहिता येणारी माणसं आपल्या कॉलेजांत आहेत. अ‍ॅनिमेशन शिकणारी, एकांकिका लिहिणारी, साउंडवर काम करणारी. तुमच्यातल्या कुणाला प्रोजेक्टसाठी विषय सापडत नसेल तर हा घ्या.

मग लावायचं काय?

तक्रार झाली, आता कामाचं बोलू. खालची यादी संपूर्ण नाही, पण सुरुवातीला पुरेल. यातलं कुठल्या अ‍ॅपवर काय आहे हे दर काही महिन्यांनी बदलतं, तेव्हा नावानं शोधा. आणि पोराला लावून देण्याआधी एकदा स्वतः बघा.

*दोन वर्षांच्या आतलं बाळ:* काहीच लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला, दोन्हींचं सार एकच. दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाचपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाच्या सोबतीनं. बाळाला भाषा समोरच्या चेहऱ्याकडून मिळते. आजीला बोलू द्या.

*तीन ते सहा:* या वयात चित्रापेक्षा गाणं जास्त चिकटतं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ गाडीत लावा, नुसतं ऐकायला. नगर रस्त्यावरच्या जॅममध्ये अख्खा अल्बम होतो. चित्र हवंच असेल तर ‘मायटी लिटल भीम’ (२०१९) बघा. त्यात रांगता भीम संवादच बोलत नाही. मुंबईच्या वैभव स्टुडिओजचा ‘लॅम्पुट’ही तसाच, प्रयोगशाळेतून निसटलेला नारिंगी गोळा आणि त्याच्या मागे धावणारे दोन शास्त्रज्ञ. या दोन्हींत मराठी कुठं आहे? तुमच्या तोंडात. आवाज बंद असलेलं कार्टून म्हणजे मोकळी पाटी. ‘अरे बघ, कसा सटकला! आता काय करेल?’ हे तुम्ही म्हणा. पोरगं उत्तर देईल.

*सात ते दहा:* ‘चिंटू’ (२०१२) आणि ‘चिंटू २’ (२०१३). चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा खोडकर मुलगा १९९१ मध्ये पुण्याच्याच एका दैनिकात चित्रपट्टीतून आला आणि श्रीरंग गोडबोलेंनी त्याला पडद्यावर आणलं. पहिल्या चित्रपटात पोरांची धडपड आहे ती खेळायच्या जागेसाठी. पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून वॉचमनकाकांची बोलणी खाणाऱ्या खराडीकर पोरांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. हसायचं असेल तर नाना पाटेकरांचा ‘पक पक पकाक’ (२००५) आहेच. ‘झपाटलेला’ मात्र दिवसा लावा. रात्री तात्या विंचू बघितलेलं पोर तुमच्याच कुशीत येऊन झोपणार.

*नऊच्या पुढचे:* इथं मराठीकडे खरा खजिना आहे. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४). पंढरपूर, वडिलांनी बनवलेली सायकल आणि ती विकली जाऊ नये म्हणून यात्रेत दुकान मांडणारी पोरं. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. अविनाश अरुणचा ‘किल्ला’. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे पुण्यातून कोकणात जातो आणि तिथं मित्र जोडतो. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ मध्ये या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिला तो मोठ्या समीक्षकांनी नव्हे, मुलांच्याच ज्युरीनं. जर्मनीतल्या मुलांना कळला तो खराडीतल्या मुलांना का कळणार नाही? उलट इथल्या प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी बदली होऊन आलेलं आहे. नंतर ‘नाळ’ (२०१८) आणि ‘नाळ भाग २’ (२०२३). दुसऱ्या भागाला २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. विदर्भातली बोली कानावर पडते, हा वरचा फायदा. मराठी म्हणजे फक्त पुस्तकातली मराठी नाही, हे मुलांना लवकर कळलेलं बरं.

आणि फेणे? अमेय वाघचा ‘फास्टर फेणे’ २०१७ मध्ये आला, आदित्य सरपोतदारांनी केला. छान आहे, पण तो कॉलेजातला फेणे. गोष्ट वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची. तो तुम्ही बघा. छोट्यांसाठी मात्र अजून पुस्तकच. रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणजे एका कार्टूनच्या भागाएवढीच. पुस्तक हाताशी नसेल तर स्टोरीवीव्हरच्या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात.

पाच मिनिटांची सेटिंग

हे सगळं लक्षात राहणार नाही, म्हणून आज रात्रीच हे करून टाका.

एक, घरातल्या टीव्हीवर आणि टॅबवर ऑटोप्ले बंद करा. पडदा थांबला की पोराला ‘संपलं’ म्हणजे काय ते पुन्हा कळेल.

दोन, लहान मुलांसाठी यूट्यूब किड्सचं वेगळं अ‍ॅप आहे. त्यात पालकांनी स्वतः निवडलेलंच दिसेल अशी सोय आहे. ती चालू करा आणि आठ-दहा मराठी गोष्टी आधी बघून, ऐकून आत टाका. मराठी कानाला खटकली की बाहेर.

तीन, सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर भाषेचं बटण असतं. एकदा दाबून बघा. काही वाहिन्यांवर वेगवेगळ्या भाषांचे आवाज मिळतात आणि आपण वर्षानुवर्षं ते बटण बघितलेलंच नसतं.

चार, नावानं शोधा आणि पूर्ण बघा. अर्ध्यात सोडलेला व्हिडिओ ‘आवडला नाही’ या खात्यात जमा होतो. चांगला वाटला तर लाईक करायला लाजू नका. मराठीत मुलांसाठी नीट काम करणाऱ्याला तेवढ्यानंही बळ मिळतं.

अमराठी शेजाऱ्यांचं काय?

खराडीबद्दल लिहिताना हा प्रश्न टाळता येणार नाही. शेजारच्या फ्लॅटमधला चेन्नईचा मुलगा तुमच्याकडे खेळायला आला आणि तुम्ही ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला, तर त्याला कळेल का? खाली इंग्रजी अक्षरं चालू करा, कळेल. आपण जपानी कार्टून बघून मोठे झालो, तेव्हा जपान कुठं माहीत होता? त्याला मराठी शाळेत सक्तीनं शिकायचीच आहे. मग त्याचीही पहिली ओळख मित्राच्या घरी, चिवडा खात, हसत झाली तर त्याचा पेपरही सोपा जाईल. आणि पुढच्या शनिवारी त्याच्या घरी तमिळ काहीतरी बघा. त्यांच्याकडे तर वाहिनीच होती.

सोसायटीत क्लबहाउस आहे, गणपतीत प्रोजेक्टर येतो, दिवाळीच्या सुट्टीत पोरं दुपारभर लिफ्टमध्ये वरखाली करत असतात. एका संध्याकाळी रीतसर विकत किंवा भाड्यानं घेतलेला मराठी बालचित्रपट आपल्या हॉलमध्ये, चार मजल्यांवरच्या पोरांना जमवून दाखवायला काय लागतं? एक सतरंजी, पॉपकॉर्न आणि एक तुमच्यासारखी ताई किंवा दादा.

पुढच्या वेळी स्वयंपाकघरातून ‘त्याला काहीतरी लावून दे रे’ अशी हाक आली, की त्या ‘काहीतरी’च्या जागी एक नाव आधीच ठरवून ठेवा. बालचित्रवाणीचा स्टुडिओ आता नाही. तेव्हा कार्यक्रम ठरवायला तिथं बसलेली माणसं होती. आता ते काम सोफ्यावर बसलेल्या तुमच्याकडे आलंय, आणि त्याला पाच मिनिटं लागतात.